चार आकडे

दत्त मंदिराच्या स्टँडवर सात रिक्षा उभ्या असतात,
सातही तोंडं मला ओळखतात.
हिलालभाऊ तर आमच्याच गल्लीतले.
"कथा चालनी व ताई?"
यात वाईट काही नाही,
आमच्या धुळ्यात न विचारणं हाच उद्धटपणा.

पण महिन्यातून दोनदा "कोर्ट" म्हणायचं
म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक.
"आज बी तारीख?"
मग आरसा थोडा तिरका होतो,
आणि पांझरेच्या पुलावर, वाऱ्यातही ऐकू येईल असं,
"पोरकडे दखीसन मिटाडी टाका ना, ताई."
भाडं ऐंशी. सल्ला फुकट.

म्हणून फोन.

स्वस्त पडतं, असं मी बहिणीला सांगते.
खोटं आहे.
मे महिन्यात भर दुपारी चौसष्टचे एकशे दहा होतात.
तीन मिनिटांवर असलेला माणूस
दहा मिनिटं साक्री रोडवरच चहा पीत असतो.
एखादा फोन करतो, कॅश ना? कुठं जायचंय?
आणि मग हलत नाही, रद्दही करत नाही,
मीच रद्द करावं म्हणून वाट बघत बसतो.
नवराही तीन वर्षं हेच करतोय.

तरी बोट पुन्हा तिथंच टेकतं.
कारण तिथं मी वैजयंता बी.
आडनावाचं एकच अक्षर.
बाकीच्याचा निकाल लागायचाय.
चार आकडे सांगायचे, बसायचं.
शिरपूरकडचा कुणी पोरगा, कानात वायर,
त्याच्यासाठी मी एक ठिपका,
पोचला की पुसला जाणारा.
एकदा पुलावर रडले मी.
त्यानं गाणं जरा मोठं केलं.
पाच तारे दिले त्याला.

परवा ठिपका वळून दारात आला
तो हिलालभाऊंची रिक्षा घेऊन.
तोच हिरवा पडदा, तीच लिंबू-मिरची.
(स्टँडवर दुपारपर्यंत बोहनी होत नाही,
म्हणून पुतण्यानं घालून दिलं होतं, हे नंतर कळलं.)
माझा एक पाय उंबऱ्यातच.
त्यांनी फोनकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.
"ओटीपी?"
सांगितला.
"नऊ, दोन, दोन, सात,"
गुरुजींसमोर पाढा म्हणावा
तसा त्यांनी परत म्हटला.

पूल आला. नदीत पाणी नव्हतं.
वारा होता.
आरसा सरळच राहिला.
फाटकापाशी एकसष्ट झाले,
शंभराच्या नोटेवर एकोणचाळीस परत,
स्टँडवर कधी सुटे नसायचे यांच्याकडं.

संध्याकाळी दूध आणायला गेले
तर ओट्यावर बसलेले.
"आज दिखनी नही व ताई दिवसभर?"

घरीच होते, म्हटलं.