निवू दे

भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो
लतीफ मिस्तरीने माझ्या दीडशेला बसवला.
टर्बो नऊ हजार. 'बाकी किरकोळ', म्हणाला.
किरकोळात दोन पिस्टन गेले,
आत्याने दिलेली अंगठी गेली,
आणि दर हजार किलोमीटरला ऑइल, तेही भारीतलं.

साकेगावच्या पुलावर पाच सेकंद
वाघूर दिसलीच नाही.
एवढंच मिळालं.

'पळव भो कितीबी,' लतीफभाई सांगतो,
'पण आल्या आल्या चावी फिरवू नको.
मिनिटभर उभी ठेव चालू,
आतलं लाल लोखंड निवू दे.'

भुसावळात मे महिन्यात रात्री अकराला
भिंतीसुद्धा निवत नाहीत.
मी दारात, गाडी धडधडत, आई कडी काढून.
लोको शेडमधून बाबा आले की
तेही हल्ली ओट्यावर बसतात जरा,
बूट न काढता,
मग आत येतात.