मीठ विरघळेपर्यंत

पाच ताएलचा पितळी डबा हातात घ्या.
नुकतेच डोळे उघडलेल्या मांजराच्या पिलाएवढं वजन.
असे एकशे ऐंशी डबे
उजव्या बंकरच्या तळाशी, कोळशाखाली.

जहाज लॅमर्टन. हाँगकाँग ते सिडनी, एकोणीसशे अकरा.
मी ट्रिमर. म्हणजे फावडं मारायचं, ढकलगाडी ओढायची
आणि जहाज सरळ ठेवायचं.
डावीकडून शंभर गाड्या, की उजवीकडून शंभर.
हे कोणी शिकवत नाही, पाय शिकतात.

फुंग साम म्हणाला, उजव्याला हात लावायचा नाही.
फुंग साम आमचा नंबर वन. त्यानेच मला कामाला लावलं,
आणि माझ्या पहिल्या पगारातून टोपी घेतली, स्वतःला.
त्याला नाही म्हणायला तोंड लागतं.
माझ्या तोंडात भुकटी होती.

मग आम्ही डावाच बंकर खात गेलो.
मनिला गेलं. सेलेबीसचा समुद्र गेला, तेलासारखा.
आणि जहाज उजवीकडे कलायला लागलं,
खोटं बोलताना माणूस कलतो तसं,
जरासंच.
भातावरचा रस्सा वाडग्याच्या एका कडेला जमायचा.
आम्ही वाडगा फिरवून प्यायचो.

वर सेकंड इंजिनिअर गिलख्रिस्टने
चहाचा कप टेबलावर ठेवला
आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसला.
प्यायलाच नाही, असं मेसवरचा पोरगा सांगत होता.
मग खाली आला. काही विचारलं नाही.
उजव्या बंकरच्या दारावर खडूने फुली मारली:
उद्या सकाळी सहापासून, इथून.

झडती का घेतली नाही? आम्हाला एक रात्र का दिली?
तो स्कॉटलंडचा माणूस. मला त्याची भाषा पुरती येत नव्हती,
गप्प बसणं तर मुळीच कळलं नाही.

रात्री चौघांनी कोळसा उपसला. हातांनी,
कारण फावडं वाजतं.
वीस-वीसचे नऊ गठ्ठे, मेणकापडात.
प्रत्येकाला बांबूचं एक पेर, डांबराने बुजवलेलं,
आणि खडेमिठाची पोतडी.
मीठ बुडवतं. मीठ विरघळतं. बांबू वर येतो.
ही युक्ती थर्सडे आयलंडजवळच्या उथळ पाण्यासाठी होती.
तिथे दाऊद बिन सालेह शिंपल्यांच्या गलबतावर
वाट बघत बसणार होता.
पण थर्सडे आयलंड अजून दोन दिवस लांब,
आणि फुली सहाची.

फुंग साम म्हणाला, मीठ दुप्पट घाल. दाऊदला इथवर आणतो.
मीठ मी घातलं. ओंजळीने. अंदाजाने.
पहाटे चारला राखेच्या बादल्यांबरोबर
नऊ गठ्ठे बांदा समुद्रात गेले.
त्याचा तळ कोणी पाहिलेला नाही.
खूण म्हणून फुंग सामने क्षितिजावरचा एक डोंगर
डोळ्यांत पक्का धरून ठेवला.
उजाडल्यावर तो ढग निघाला.

सिडनीत कस्टमवाले लोखंडी सळया घेऊन आले.
तीन तास कोळसा भोसकत होते.
मिळालं काय, तर एक टोपी.
फुंग साम आदल्या रात्रीच दोरावरून उतरून गेला होता.
डबे त्याचे नव्हतेच.
ज्यांचे होते, ते त्याला शोधत दोन वर्षं येत राहिले.
माझ्याकडे कोणी आलं नाही. ट्रिमरला कोण विचारतो?

आता बॉटनीच्या वाळूत माझा कोबीचा मळा आहे.
संध्याकाळी सूपमध्ये खडा टाकतो
आणि चमचा न ढवळता बघत राहतो.
तेवढ्या पाण्याखाली बांबू फुटला असेल.
किंवा नसेल.
कदाचित चौथ्या दिवशी ते नऊच्या नऊ वर आले असतील,
आणि वर कोणीच नसेल.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी टाकलेल्या मिठाला जागतो,
पहाटे चारला,
बहुतेक उजव्या कुशीवर.