अध्यात ना मध्यात

चांगचौ शहरात, सातव्या मजल्यावर,
तान श्युएचिन अजून कागदावर काढते.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर कागद,
कागदाच्या कडेला तीन भोकं.
पहिलं चित्र दुसऱ्याचं, शेवटचं चित्र दुसऱ्याचं,
हिच्या वाट्याला मधली.
म्हातारीचा हात टेबलावर आहे.
म्हातारीचा हात कपापाशी आहे.
या दोन वाक्यांमधला प्रवास
तेवढा हिचा.

एकोणीस वर्षांची होती तेव्हा
ओसाकाहून खोकी यायची.
परक्या मुलींचे बशीएवढे डोळे हिने मिटले,
उघडले, पुन्हा मिटले.
एका पापणीला पाच कागद,
एका कागदाला दीड युआन.
शेवटी पडद्यावर नावं वर सरकायची
तेव्हा अख्ख्या हॉलचं मिळून एकच नाव, कंपनीचं,
तेही स्पेलिंग चुकलेलं.
आई फोनवर विचारायची, नक्की करतेस काय गं तिकडे?
लोकांचे डोळे मिटते, आई.
आई थोडा वेळ गप्प व्हायची.

मग वरून हुकूम आला, आता आपलं स्वतःचं काढा.
मिनिटामागे अनुदान.
काय मिनिटं पिकली त्या वर्षांत!
ससा चालतोय.
ससा अजून चालतोय.
मागून तोच डोंगर तिसऱ्यांदा गेला.
ससा थांबून उपदेश करतोय,
(नुसते ओठ हलवायचे, अंग गोठवायचं, कागद वाचतो.)
पहाटे साडेचारला लागायचं ते.
बघायला कोण होतं?
असला तर एखादा ससा.

एकदाच एक खरी गोष्ट आली होती.
आजोबा मेल्यावर नदीकाठी भेटायला येतात, अशी.
समितीतले गृहस्थ फार सभ्य होते,
म्हणाले, भूत नको.
आजोबा स्वप्नात आणले.
मग म्हणाले, मुलानं रात्री एकट्यानं नदीवर जाऊ नये,
मुलं शिकतात.
नदी दिवसाची केली.
दिवसा काजवे कसे दिसणार?
दोनशे बारा कागद काजव्यांचे
तिनं स्वतः मोजून खोक्यात भरले.
ते खोकं आता पंख्याखाली आहे,
पंखा त्यावर नीट बसतो.

ती काही बोलली नाही.
ती कधीच अध्यात नाही, मध्यात नाही,
म्हणतात सगळे; आणि बसलेली असते
जन्मभर मध्यातच.

लो यिफान तिचा शेवटचा चेला.
रेघ श्वासासारखी ओढायचा.
छंगतूला गेला, गेमच्या कंपनीत, तिप्पट पगारावर.
तलवारीवरची चकाकी काढतो.
तलवार नाही. तलवार दुसरा काढतो.
नव्या वर्षाला संत्र्यांची पेटी पाठवतो,
सोबत चिठ्ठी नसते.

पगार दोन महिने थकलाय.
गुंतवणारा फोन उचलत नाही.
ज्याच्यात खेळणी विकली जातील असं पात्र
या चित्रपटात एकही नाही, असं तो शेवटी म्हणाला होता:
एक म्हातारी, एक टेबल, एक कप.
छोटं काहीतरी घाला ना, शेपटीवालं.

आणि परवा हुआंगफू साहेबांनी मशीन दाखवलं.
पहिलं चित्र दिलं, शेवटचं दिलं,
किटलीचं पाणी उकळेस्तोवर
मधली अकरा तयार.
तान श्युएचिननं चष्मा पुसून पाहिली.
रेघ स्वच्छ. बोटं पाचच.
हात टेबलावरून निघाला
आणि सरळ, जवळच्या वाटेनं, कपापाशी गेला.

मेलेल्या नवऱ्याच्या कपाकडे
कुणाचाही हात असा जात नाही.

तेव्हा आज, सगळे डबे घेऊन गच्चीवर गेल्यावर,
ती काचेपाशी एकटी.
हात निघतो. अर्ध्यावर
टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करतो,
नसलेली.
मग एक कागद नुसताच थांबलेला.
मग पुढे.
चार कागद जास्त. यांचे पैसे कुठल्याच तक्त्यात नाहीत.
कोपऱ्यात बारीक आकडे घातले,
सात-अ, सात-आ, सात-इ, सात-ई,
आणि गठ्ठ्यात सरकवले.

स्कॅनरवरचा पोरगा नवा आहे, भराभर उलटतो.
बघू,
सात आणि आठच्या मध्ये
त्याला काही दिसतं का.