नव्वद ते एकशे अकरा

मासळी उतरवून भालूमामा पडवीच्या पायरीवर बसतो,
गोळ्यांची पट्टी उजेडाकडे धरतो, उलटी करतो.
"काय गो, रंग तोच, पण नाव दुसरा.
ही तीच मा?"

मिठबावच्या मेडिकलवाल्याने स्वस्तातली दिली आहे.
मामाच्या छातीत सहा वर्षं धातूची झडप आहे;
रात्री वारा पडला की तिची टिकटिक मामीलाही ऐकू येते.
रक्त पातळ हवं, पण फार नको.
अडीचच्या खाली आलं तर गाठ,
साडेतीनच्या वर गेलं तर दात घासताना तांबडी चूळ.

माझं पोट याच प्रश्नावर चालतं.
वेर्ण्याच्या एका कंपनीसाठी मी चाचण्यांचे आराखडे लिहिते,
इथेच तांबळडेगला, बर्फाच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवून.
साध्या गोळीला ऐंशी ते सव्वाशे एवढी मोकळीक असते.
हिला नाही.
हिला नव्वद ते एकशे अकरा, वर दशांश अकरा,
आणि नुसती सरासरी आत येऊन भागत नाही,
सरासरीच्या दोन्ही अंगांची शंकासुद्धा
आत मावावी लागते.

हे मला कॉलेजात नीट कळलं नव्हतं, की कळलं होतं पण जुनं होतं:
आठवीत असताना खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याला घासत
होडी आत घेताना मामा ओरडला होता,
"रुंदी नको मोजू होडयेची. तिचा हालणा मोज."

कंपनीचे कुडतरकर फोनवर म्हणाले,
दोनदाच देऊ ना मॅडम. एकदा मूळ, एकदा नवी. खर्च निम्मा.
मी म्हटलं, चारदा.
मूळ, नवी, मूळ, नवी; अर्ध्या जणांना उलट क्रमाने;
दर दोन खेपांमध्ये तीन आठवडे, आधीचं सगळं
अंगातून निचरून जाईपर्यंत.
कारण तीच गोळी त्याच माणसाला दुसऱ्यांदा दिल्याशिवाय
कळत नाही
की माणूस स्वतःपासूनच किती लांब असतो.
पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

मामीने जुन्या कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवलेत.
जूनमध्ये दोन पूर्णांक आठ. जुलैत दोन पूर्णांक नऊ.
मग टाकळा उगवला, रोज ताटात आला,
गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला झाला,
आणि श्रावण सरता सरता एक पूर्णांक नऊ.
तेव्हा कंपनी बदलली नव्हती.
गोळी तीच होती. मामा तो नव्हता.

माझ्या तक्त्यात मात्र टाकळा नाही.
तिथे चोवीस धडधाकट पोरं आहेत,
रात्री दहापासून उपाशी, एकाच मापाचं पाणी प्यायलेली,
बहात्तर तास पुन्हा पुन्हा दंड पुढे करणारी.
कुणाच्याच छातीत काही वाजत नाही.
त्यांच्या रक्तात जे ठरेल ते मामाला लागू होईल,
असं मी सही करून लिहिते.
विज्ञान म्हणून ते बरोबर आहे.
सही करताना पेन जरा थांबतं, ते तक्त्यात येत नाही.

तिसरी खेप गणपतीत येते हे आज लक्षात आलं.
सुईला भिऊन नाही, पण चतुर्थीला चार जण तरी पळणारच.
चोवीस खोडून अठ्ठावीस केले.
कुडतरकर कारण विचारतील. "गणपती" असंच लिहीन.

"सांग मा गो, तीच?"
"तीच मानायला हरकत नाही," मी म्हणते.
"पण सोमवारी देवगडला जाऊन रक्त तपासून ये."
मामा हसतो. "म्हणजे तुका पण ठावक नाय."
"किती ठाऊक नाही, ते ठाऊक आहे."
"ता बरा," म्हणतो, नऊ वाजलेत का बघतो,
गोळी जिभेवर ठेवतो
आणि तांब्या उचलायच्या आधी
क्षणभर चव घेतो.