दहापैकी

विषय मीच दिला होता:
युद्ध आणि सामान्य माणूस. प्रत्येकी सात मिनिटं.
आशयाला चार, मांडणीला तीन, वेळ पाळण्याला तीन.
दुसऱ्या मजल्यावरची खोली, कर्वे रस्त्याकडे तोंड,
मेट्रो गेली की पडद्यावरचं चित्र जरासं हलतं.

ओजस खळदकरनं आकडे आणले होते.
निळे रकाने, तांबडे रकाने,
एकेक कसा खालून वर वाढत जातो
हे त्यानं हौसेनं करून घेतलं होतं.
"शेवटच्या रकान्यातले अंदाजे आहेत, मॅडम," तो म्हणाला,
"मोजणारेच राहिले नाहीत."
आणि स्वतःच्याच वाक्यावर अडखळला,
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरावी तसा.
मी लिहिलं: आशय, तीन.

फरहीन मणेरनं पावाची रांग सांगितली.
फोटो लावला नाही.
म्हणाली, काढताना त्यांना कुणी विचारलं असेल का?
फळ्यावर खडूनं चोवीस उभ्या रेघा ओढल्या.
ही बाई चिल्लर मोजत होती.
हा पोरगा बहिणीची जागा धरून उभा होता.
हे आजोबा दोनदा रांगेत घुसले, सगळे त्यांच्यावर चिडलेले.
घंटा झाली तेव्हा ती नवव्या रेघेवर होती.
मग डस्टर न घेता तळहातानंच सगळ्या पुसल्या.
वेळेचे तीन गुण कापायचे असतात.
कापले. परत दिले.
खाडाखोड दिसू नये म्हणून आकडा गिरवत बसले.

शाल्मली गाडेकर नुसतीच आली, कागद नाही, काही नाही.
"माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहेत.
आम्ही रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये राहतो.
भोंगा झाला की आई कुकर लावते.
काल मी बाबांना विचारलं,
तुम्ही बनवता ते पडतं कुठं?
बाबा जेवत होते.
म्हणाले, आमटी वाढ."
एवढंच. सहा मिनिटं उरली होती.
ती सहाही मिनिटं तिथंच उभी राहिली,
आणि बस म्हणायचं मला सुचलं नाही.

शेवटी यशोधन पासलकर. त्याचं शहर ओम्दुरमान.
नदी, पूल, बाजार, नकाशावर लाल ठिपके.
"हा दवाखाना," तो म्हणाला, "इथं—"
शेवटच्या बाकावरून तैयब उठला.
दोन वर्षांत हजेरीपलीकडे न बोललेला.
आता हा सांगेल, वाटलं. घर. आई. किती जण.
आम्ही सगळे, खरं सांगते, मीसुद्धा,
थोडे पुढे झुकलो.

कोंढव्यात खोलीवरच्या मुलांकडून शिकलेल्या मराठीत
तो म्हणाला, "ओम्दुरमान नाही. उम्म दुरमान.
उम्म म्हणजे आई.
आणि हा ठिपका दवाखाना नाही.
इथं आमचा न्हावी बसतो.
दवाखाना मागच्या गल्लीत."
'बसतो' म्हणाला.
यशोधननं ठिपका सरकवला. "इथं?"
"अजून थोडा."
"इथं?"
"हो."
आणि तो खाली बसला,
वहीत तारीख घालू लागला.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये गुण भरायला घेतले.
ड्रॉवरमध्ये महिन्यापूर्वीची एक चिठ्ठी निघाली:
मॅडम, मला दुसरा विषय मिळेल का? कोणताही चालेल.
खाली माझंच अक्षर, लाल शाईत:
नाही. नियम सर्वांना सारखा.

नाव त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, मग अरबीत,
मग देवनागरीत, शिकत्या हाताच्या थोरल्या अक्षरांत,
तय्यिब,
जोडलेला य दोनदा गिरवून.
उद्या त्याची पाळी आहे.
मी दोन वर्षं तैयब म्हणत आले.