रॅम्पवरचा जवळा

राजपुरीच्या धक्क्यावर उतरायला रॅम्प आहे
आणि रॅम्पवर जवळा वाळत घातलाय.
ठकूबाई म्हणाली, ह्यावरनं कोन जातंय गो,
उन्हाला तिरका पडतो, लवकर सुकतो.
मी म्हटलं, मी जातेय.
तिने माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग जवळ्याकडे,
आणि केरसुणीने वाट केली
खुर्ची जाईल एवढीच. बोटभरही जास्त नाही.

रॅम्प संपतो तिथे अष्टमीची ओहोटी होती.
होडी चार हात खाली, शेवाळलेल्या भिंतीला टेकून.
पोस्टातल्या सगळ्या जणी किंचाळत, उड्या मारत उतरल्या.
माझ्या मांडीवर सहा पर्सा, दोन छत्र्या,
आणि सुलभा म्हणाली, तुला फोटो दाखवू ना.

दोन तास मी किल्ला पाहिला.
बाहेरून. शत्रूने पाहिला असेल तसा,
दुर्बिणीऐवजी शेंगदाण्याची पुडी घेऊन.
चांगला बांधलाय, यात वादच नाही.
पहारेकरी गेले, तोफा गंजल्या,
माझ्याशी तो अजून लढतोय.

शौकत नाखवा शीड गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
उचलून नेलं असतं तुम्हाला.
उचलून नको, मी म्हटलं. गोणी उचलतात.
तो गप्प. मग दर्याकडे बघत,
जणू त्यालाच विचारून घेत,
पौर्णिमेला या. बाराला भरती.
होडी रॅम्पच्या तोंडाला लागते.
फळी टाकतो.

म्हणून आज रजा टाकली. कारण: वैयक्तिक.
अर्जात भरती लिहिलं असतं
तर साहेबांना नोकरभरती वाटली असती.

बाराला दहा कमी. पाणी
रॅम्पची एकेक रेघ चाटत वर येतंय,
जवळ्याचं खालचं टोक ठकूबाई
ओंजळीओंजळीने पाटीत भरून घेतेय.
शौकतची फळी ओली, मासळीच्या वासाची,
मध्ये जरा लवते.
पुढची चाकं.
मागची.
होडी एकदा डुलली आणि मग डुलायची थांबली.

तिकडे दाराशी अठरा पायऱ्या आहेत, माहीत आहे मला.
आज त्यातल्या दहा पाणी खाईल, असं शौकत म्हणतो.
आठ उरतात.
दगडाला हात लागेल इतकं जवळ जाऊ,
मग बघू.
दोनच्या आत परतायचं,
नाहीतर पाणी रॅम्पला सोडून जाईल.

ठकूबाई काठावरून ओरडते,
ये गो लवकर, तवर नाय पसरत मी.
शौकत विचारतो, सामान काय?
मांडीवर आज काहीच नाही.
हात दोन्ही चाकांवर.