रेंज न्हाई

कपिलतीर्थात हौसाक्काच्या पाटीपुढं
पोकळ्याच्या जुड्यांना टेकून
माझ्याच बँकेनं दिलेला तो काळा-पांढरा चौकोन,
पाण्याचा हबका लागू नये म्हणून
प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.
खाली नाव लेकाचं : विश्वजीत.

सकाळपासनं डबी बोलते :
पंधरा रुपये मिळाले. तीस रुपये मिळाले.
कुणाला, ते सांगत नाही.
पुण्यात कुठंतरी एक खिसा थरथरतो,
आणि हौसाक्का पुढच्या जुडीला दोरा गुंडाळते.

बारा वाजले की मात्र
डबीचा कान पिळलेला.
मी मोबाइल काढायच्या आत :
"रेंज न्हाई बघ आज. सुट्टं हाईत न्हवं?"
शेजारी फुलवाल्याची डबी खणखणीत,
त्याच पत्र्याखाली.

मी वीसची नोट दिली.
तिनं ती डोळ्याला लावली, कपाळाला लावली,
"आत्ता भवानी झाली" म्हणाली
(भर दुपारी!)
आणि कमरेच्या पिशवीत सारली,
जिच्यावर कुणाचंच नाव नाही.

संध्याकाळी साहेबांचा फॉर्म.
'ग्राहक वापर का करत नाही?'
रकाना बोटभर.
मी लिहिलं : नेटवर्क.